बाटलीचं पोट आणि भोईर साहेब

भोईर साहेबांना घेऊन दुकानात जायची सोय नव्हती. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आमचं ऑफिस पोटमाळ्यावर, आणि खाली टेकचंदशेठचं प्लास्टिक पाइपांचं दुकान. साहेब वर चढायच्या आधी तिथे थांबायचे आणि टांगलेली पाइपांची वेटोळी एकेक करून दाबायचे. पाइप वाकवायचा, वळणाच्या पोटावर अंगठा ठेवायचा आणि डोळे मिटायचे. घ्यायचं काही नाही. शेवटी एकदा टेकचंदशेठ म्हणाला, "साईं, लेना है तो ले जाओ, मालिश घर जाके करो."

साहेबांनी राग धरला नाही. उलट त्यालाच समजावायला लागले, की शेठ, बघा, सरळ होता तोवर पाइप गोल होता, वाकवला की चपटा झाला, म्हणून तर तो एवढा सहज वाकतो. शेठने पाइप परत खुंटीला टांगला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, की इंजिनियर आहेत, मनाला लावून घेऊ नका.

मी त्या ऑफिसात टायपिंगला लागले होते. वडील अंबरनाथला फॅक्टरीत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, दहावी झाली आणि मशीन बडवायला शिकले, एवढंच माझं शिक्षण. पुढे ड्रॉइंग ट्रेस करायला लागले, मग कॉम्प्युटरवर काढायला लागले, ते सगळं साहेबांच्या मागे मागे फिरून. साहेबांना साइटवर टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं आणि मला ऑफिसातून बाहेर पडायला निमित्त लागायचं. असं आमचं जमलं ते वीस-बावीस वर्षं जमलं.

आमचं काम म्हणजे कारखान्यांतल्या पाइपांवर किती ताण येतो याचं गणित. ऐकायला रुक्ष वाटतं, पण तसं नाही. पाइप तापला की लांबतो. दोन्ही टोकं बांधलेली असली की त्याला लांबायला जागा नाही, मग तो ढकलाढकली करतो. ज्याला जोडलेला असेल त्याला ढकलतो. पंप असला तर पंपाचं तोंड वाकडं करतो. म्हणून पाइपाला वाटेत वळणं ठेवतात, की बाबा रे, तुला काय वाकायचं ते इथे वाक, पंपाला सोड. आमचे सासरे असेच तापायचे. घराला अंगण होतं, ते तिथे जाऊन फेऱ्या मारायचे, म्हणून आमची काचेची भांडी टिकली.

आता कुठली जागा किती वाकेल आणि वाकताना तिथे ताण किती वाढेल, याचे आकडे पुस्तकात असतात. वळणाचे वेगळे, टीचे वेगळे. टी म्हणजे मोठ्या पाइपाला जिथे छोटा पाइप फुटतो ती जागा. हल्ली सगळं सॉफ्टवेअर करतं. ते पुस्तकातले आकडे उचलतं आणि नापास जागा लाल करून दाखवतं. पोरंपोरी तो लाल रंग घालवायला काय काय करतात ते मी पाहिलंय.

साहेबांचं भांडण त्या पुस्तकाशी होतं. पण भांडण म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याशी असतं तसं. पुस्तकाला ते रोज सकाळी हात लावून नमस्कार करायचे आणि दुपारपर्यंत त्याच्या चुका काढायचे. मला पहिल्यांदा समजावलं ते पाण्याच्या बाटलीवर. प्लास्टिकची रिकामी बाटली आडवी धरली, तिच्या पोटावर पेन उभं टेकवलं आणि पेन जरा कलंडवलं. बाटलीचं पोट आत गेलं, टक् वाजलं.

"बग शकुताय," ते म्हणाले, "पुस्तक म्हनतं का टीची जागा हलत नाय, दगड हाय. आन हितं पोट आत जातंय. मग खरं कोन?"

ते पालेगावचे. एरवी शुद्ध बोलायचे, साइटवर तर इंग्रजीच. पण आनंद झाला की त्यांच्या तोंडून त्यांच्या घरची भाषा यायची. मी त्यावरूनच ओळखायचे, गणित सुटलं की नाही ते. वडिलांची भातशेती होती, तिथे आता टॉवर झालाय आणि त्यातच साहेबांचा फ्लॅट. कुणी पत्ता विचारला की सांगायचे, "आमच्याच खाचरात राहतू, फक्त अकराव्या मजल्यावर."

लहानपणी त्या शेताच्या बांधावर ते पपईच्या देठाची पिपाणी करायचे. देठ आतून पोकळ. वाकवला की आधी चपटा होतो आणि मग एकदम मोडतो. तो चपटा होण्यापासून मोडेपर्यंतचा जो वेळ, तेवढाच माझा धंदा, असं ते म्हणायचे. ऑफिसात नवीन इंजिनियर आला की पहिल्या दिवशी त्याला पपईचा देठ मिळायचा. एकाने घरी नेऊन आईला भाजी करायला दिला, तो फार दिवस टिकला नाही.

त्यांचं आणखी एक होतं. उत्तर मनासारखं आलं की ते खूश व्हायचे नाहीत, संशयाने बघायचे. "आकडा गोड आला का परत मोज," असं म्हणून पाटी पुसल्यासारखी स्क्रीन बंद करायचे. कॉम्प्युटरने दशांशचिन्हाच्या पुढे सहा आकडे दिले की त्यांना हसू यायचं. म्हणायचे, बारीक मोजलंय, पण भलतंच मोजलंय.

आता बदलापूरची गोष्ट सांगते. ती सांगायलाच बसले होते, पाइपांत अडकले.

बदलापूरला एमआयडीसीत एक कारखाना होता, नाव नको. तिथे माझी नणंद सुलभा पॅकिंगला होती. पॅकिंगला वीस-पंचवीस बायका, आणि त्यांना कित्येक वर्षं धड बसायला जागा नव्हती. अर्ज करून करून शेवटी एक खोली मिळाली. पंपहाऊसच्या भिंतीला लागून, पत्र्याची, आत स्वतंत्र संडास, एक पंखा, एक आरसा. सुलभाने आरशाची उंची स्वतः उभं राहून ठरवली होती. ती खोली मिळाल्यावर तिने आम्हाला पेढे दिले होते. भावाला घर झालं तेव्हासुद्धा दिले नव्हते.

त्या कारखान्यात गरम तेलाची एक लाइन होती, पंपातून निघून आत ड्रायरपर्यंत जाणारी. मालकाला नवीन माल काढायचा होता, त्यासाठी तेल आणखी तापवायचं होतं. मुंबईच्या एका कन्सल्टंट कंपनीने लाइन तपासली, सॉफ्टवेअरमध्ये पंपाचं तोंड लाल झालं. त्यांनी सांगितलं, पाइपाला मोठा लूप द्या. लूप म्हणजे पाइपाला बाहेर नेऊन वळसा घालून परत आणायचं, त्याला वाकायला जागा म्हणून. वळशाला जागा कुठे? पंपहाऊसच्या भिंतीपलीकडे. म्हणजे बायकांच्या खोलीतून. खोली पाडायची, पुढे कधीतरी दुसरी बघू, असं ठरलं. त्या कधीतरीला सुलभा चांगली ओळखत होती.

ती रविवारी माझ्याकडे आली आणि चपला न काढताच म्हणाली, "वहिनी, तुमचा तो बाटल्या दाबणारा साहेब आहे ना, त्याला सांगा."

मूळ लाइन आमच्याच ऑफिसने केली होती, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, म्हणून साहेबांना बघायला जाता आलं. कारखान्याचे मॅनेजर सामंत चांगला माणूस, पण घाईत असायचे. ते म्हणाले, बघा, पण मुंबईवाल्यांना पटलं पाहिजे. साहेबांनी अर्धा दिवस नुसती लाइन पायी पाहिली. मी मागे टेप घेऊन. मग मला विचारलं, घरी काजळ पाडता येतं का.

मी दोन दिवस तुपाचा दिवा लावून बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांवर काजळी धरली. साहेबांनी ती झाकणं पंपाजवळच्या टीच्या दोन बाजूंना पक्की बसवली. पाइपावर पट्टीने खिळे बांधले, एक मोठ्या पाइपावर, एक फुटलेल्या छोट्या पाइपावर, टोकं काजळीला जेमतेम टेकतील अशी. सकाळी लाइन थंड. तेल तापलं, पाइप हलला, खिळ्यांनी काजळीत रेघा ओढल्या. पुस्तकाप्रमाणे टी दगड असती तर दोन्ही रेघा कितीच्या यायला हव्या ते साहेबांनी आधीच खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. आली एक लिहिल्यापेक्षा लांब आणि एक आखूड. टीचं पोट हलत होतं. जागा स्वतःच थोडी वाकत होती आणि पंपाला तेवढी सोडत होती.

बायका जेवणाच्या सुट्टीत बघून गेल्या. एकीने विचारलं, ही दृष्ट काढताय का. साहेब म्हणाले, हो, पुस्तकाची.

मग आठ-दहा दिवस त्यांनी गणित नव्याने मांडलं. टीचा खरा आकार घेतला, पाइपाच्या भिंतीची जाडी घेतली, नवीन पद्धतीने दोन्ही आकडे काढले, किती वाकते तो आणि ताण किती वाढतो तो. आधी आजच्या तापमानाला मांडून काजळीच्या रेघांशी ताडून पाहिलं, जुळलं. मग वाढवलेलं तापमान घातलं. पंपाचं तोंड लाल राहिलं नाही. लूपची गरज नव्हती. मी खुर्चीतून उठलेच, सुलभाला फोन लावायला.

साहेब म्हणाले, "थांब ताय. आकडा गोड आलाय."

त्यांनी त्याच पद्धतीने लाइनवरच्या बाकीच्या टी पण मोजल्या. शेवटची होती ड्रायरकडे जाणारी. तिथे मोठा पाइप पातळ, त्याच्यावरून चांगला जाडजूड पाइप फुटलेला. जुन्या पुस्तकाप्रमाणे ती आरामात पास. नव्या आकड्याने तिथला ताण एवढा वाढला, की ती आजच्या तापमानालाही नापास होती, वाढवलेलं तर सोडाच. जुनी फाइल काढली. टी पास असल्याच्या कागदावर सही होती साहेबांची, हिरव्या शाईची. ते हिरव्या शाईने सही करायचे, लांबून ओळखू यावी म्हणून.

त्यांनी अहवाल एका पानाचा केला. वरच्या ओळीत, लूप नको. खालच्या ओळीत, ड्रायरची टी बदला, जाड बसवा, आणि ही चूक माझी आहे. खाली एकच सही.

सामंतांनी वाचलं आणि म्हणाले, वरची ओळ आवडली, खालची काढून टाका. टी बदलायची म्हणजे लाइन बंद ठेवायला लागणार, माल अडकणार. साहेब म्हणाले, दोन्ही ओळी एकाच गणितातून आल्यात, सख्ख्या बहिणी आहेत, एकीला घरात घेऊन दुसरीला दारात ठेवता येणार नाही.

"मग मी दोघींनाही दारात ठेवतो," सामंत म्हणाले. "मुंबईवाल्यांचा लूप टाकतो. पुस्तकाप्रमाणे टी पासच आहे. सही कुणाची आहे, बघा."

"माझीच आहे. म्हणून तर सांगतोय."

सामंतांनी सांगून टाकलं, सोमवारी खोली पाडायला माणसं येतील.

सुलभाला कळलं तशी ती तडक आमच्या ऑफिसात आली. तो लाकडी जिना चढताना पाय असे आपटले, की खालून टेकचंदशेठ बघायला बाहेर आला. साहेबांसमोर उभी राहून तिने विचारलं, "साहेब, ती खालची ओळ लिहिली नसती तर काय झालं असतं?"

"बहुतेक काही नाही."

"मग?"

साहेबांनी बाटली उचलली आणि परत ठेवली. "सुलभाताई, ती टी कुठे आहे माहितीये? तुमच्या पॅकिंगच्या वाटेवर, डोक्यावर. तुम्ही सगळ्या रोज चार वेळा तिच्याखालून जाता. त्यात उकळतं तेल आहे."

मला वाटलं, आता रडते की काय. पण ती आमच्या घरची. म्हणाली, मग आम्हाला आणि खोलीला, दोन्ही वाचवा, साहेब कशाला झालात.

शुक्रवारी तिकडे सुट्टी असते. लाइन थंड. साहेबांनी फोरमन बबनला गाठलं. बबन कारखान्यात सगळ्यांना नाही म्हणायचा, पण साहेबांनी एकदा त्याच्या बायकोने पाठवलेलं सुकट चाटूनपुसून खाल्लं होतं, म्हणून हो म्हणाला. सामंतांकडून टी नुसती तपासायची परवानगी त्यानेच आणली. शिडी लावली, टीवरचं आवरण काढलं, घासून पुसून लख्ख केली. मग जोडावर लाल रंग लावला. तो बारीकशा भेगेत शिरतो. थोडा वेळ थांबून पुसून काढायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. भेग असली तर आतला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो.

सुट्टी असून सुलभा आली, बरोबर आणखी सात-आठ जणी. डबे घेऊन, जणू सहल. तडा निघाला की साहेबांचं गणित खरं ठरणार आणि खोली राहणार. पाइपाला तडा निघावा म्हणून देवाला हात जोडणाऱ्या बायका मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. एकीने तर उपास बोलला. साहेब शिडीखाली उभे होते, नेहमीसारखे मिश्कील, पण हातातली बाटली दाबत नव्हते.

मी हळूच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, निघेल?

"निघाला तर माझं नाक गेलं," ते म्हणाले. "नाय निघाला तर यांची खोली गेली. आता मी काय मागू, तूच सांग."

रंग पुसला, भुकटी मारली. पांढरंच. पाच मिनिटं पांढरंच. बबन वरून म्हणाला, साहेब, टी चांगली आहे तुमची. उपास बोललेली बाई पुटपुटली, की आता काय, उपास तर करावाच लागेल.

मग बबन नाक टीला लागेल इतका वाकला. "थांबा," म्हणाला.

जोडाच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, एक लाल रेघ फुटत होती. माझ्या करंगळीच्या नखाएवढी. हळूहळू रुंदावली. साहेब शिडी चढले, त्या वयात, चपला काढून. बराच वेळ बघत राहिले. उतरले तेव्हा असे खूश, जसं काही मुलगा पास झालाय.

"आली गो, शकुताय," म्हणाले, "बराब्बर तिथंच आली, जिथं म्हनलं व्हतं."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. माणसाने स्वतःची चूक सापडल्यावर निदान दोन मिनिटं तरी वाईट वाटून घ्यावं. पण बायकांनी तोवर डबे उघडले होते आणि पहिली पुरणपोळी साहेबांच्या हातावर ठेवली होती.

फोन साहेबांनीच केला सामंतांना. अर्ध्या तासात ते आले, हाफ पँटवर, हातात भाजीची पिशवी, मेथी बाहेर लोंबतेय. शिडी चढले, बघितलं, उतरले. मेथी पिशवीत नीट कोंबली. म्हणाले, त्या पानाची दुसरी प्रत आहे का, माझी मी फाडली.

प्रत माझ्या पर्समध्ये होती. मी काढून दिली.

टी बदलली. खोली राहिली. मुंबईवाल्यांनी शेवटपर्यंत शंका काढल्या. त्यांचं पत्र आलं, की टीची हालचाल कोणत्या उपकरणाने मोजली ते कळवावं. उत्तर टाइप करायला साहेबांनी मला बसवलं. मी विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, खरं काय ते. मी लिहिलं: काजळ, घरगुती, तुपाचे. त्यावर त्यांनी हिरवी सही केली. नंतर त्यांच्याकडून शंका आली नाही.

काढलेली जुनी टी भंगारात जायची होती. ती बायकांनी मागून घेतली. खोलीच्या दाराशी उभी ठेवली, तीन तोंडांपैकी एक खाली, एक वर, एक बाजूला, माती भरली आणि सदाफुली लावली. लाल रेघ मुद्दाम बाहेरच्या बाजूला.

साहेब रिटायर झाले त्या आठवड्यात मला म्हणाले, चल, बदलापूरला एक चक्कर टाकू. मुलीकडे पेणला जाऊन राहणार होते, अकराव्या मजल्यावर त्यांना करमत नव्हतं. कारखान्यात ते नव्या टीखाली जरा थांबले, मान वर करून बघितलं, मग खोलीपाशी आले. सुलभाने दार उघडून धरलं. म्हणाली, "या ना साहेब, आत कुणी नाही. एवढी वाचवलीत, बघा तरी."

साहेब उंबऱ्याच्या बाहेरच राहिले, दाराकडे पाठ करून. "बायकांची खोली हाय, मी कनाला येऊ," म्हणाले. "भित उभी हाय ना? मंग झालं."

तेवढ्यात चहाची सुट्टी झाली, बाकीच्या बायका खोलीत आल्या, आणि चहा त्यांना दारातून हात बाहेर काढून दिला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतली बाटली काढली आणि राहिलेलं पाणी सदाफुलीला घातलं, थोडं या तोंडात, थोडं त्या तोंडात. बाटली रिकामी झाली. मग त्या लाल रेघेसमोर उकिडवे बसले आणि सवयीने बाटलीच्या पोटावर अंगठा ठेवला.

टक् आवाज झाला. आतून कुणीतरी विचारलं, काय वाजलं गं. सुलभा म्हणाली, काही नाही, साहेब आलेत.